बाकावरची तिसरी जागा

मित्रांनो, काचेच्या कपाटात, वरच्या फळीवर, बंद पडलेल्या घड्याळाशेजारी जो काळा, एका कानाचा जुना कॅमेरा बसलेला दिसतो ना, तो मी. कान म्हणजे पट्टा अडकवायची कडी. दुसरी कडी केव्हाच तुटली. माझ्या अंगावर धूळ आहे, पण मनात रुसवा नाही. डोळ्यावर झाकण असतं म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटतं, म्हातारा झोपलाय. झोपलेलाच असतो म्हणा! पण झोपेत जे दिसतं ते जागेपणी कुठे दिसतं? दुपारचं ऊन फळीवर सरकत आलं की माझ्या पोटातल्या काळोखाला ऊब येते आणि जुने चेहरे एकेक करून समोर येऊन बसतात. तुम्हीही बसा. माझी गोष्ट फार मोठी नाही. दहा सेकंदांचीच आहे, पण ती पुरी व्हायला वर्षं लागली.

माझा जन्म एका लांबलचक पांढऱ्या खोलीत झाला. तिथे मोठ्याने कुणी बोलत नसे. स्क्रू घट्ट करतानासुद्धा माणसं श्वास जपून घ्यायची. एका बाईंनी माझ्या छातीवर वाटाण्याएवढा लाल दिवा बसवला आणि तो चालतो का ते बघायला बटण दाबून त्या माझ्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. दिवा लुकलुकू लागला. आधी सावकाश, मग शेवटी शेवटी घाईघाईने, आणि 'खट्'! माझ्या पोटात फिल्म नव्हती. त्या बाई मात्र खरंच फोटो निघत असल्यासारख्या गोड हसल्या. माझ्या आयुष्यातला तो पहिला फोटो. तो कुठेच उमटला नाही, आणि अजून पुसलाही गेला नाही.

त्या दिव्याचं काम काय, ते सांगतो. एरवी बटण दाबायला कॅमेऱ्यामागे एक माणूस उभा राहावा लागतो. पण त्या माणसालाच फोटोत यायचं असेल तर? त्याने मला स्टँडवर बसवावं, सेल्फ टायमर लावावा, बटण दाबावं आणि जाऊन आपल्या माणसांत बसावं. मी दहा सेकंद थांबतो. लाल दिवा सांगत राहतो, 'या, या, अजून वेळ आहे.' मित्रांनो, यंत्रं सगळी माणसाला आपल्यामागे पळवणारी. वाट पाहायला शिकवलेलं यंत्र मी एकटाच असेन.

मला घरी आणलं ते एका फोटोवाल्याने. पुढच्या खोलीत त्याचा स्टुडिओ, मागच्या खोल्यांत त्याचं घर. स्टुडिओत एक रंगवलेला पडदा होता. त्यावर तळं, तळ्यात दोन हंस, त्यातल्या एकाच्या मानेचा रंग पडद्याच्या घडीवर येऊन उडून गेलेला. त्या पडद्यापुढे मी काय काय पाहिलं! ओळखपत्रासाठी डोळे वटारून बसलेले लोक पाहिले. एकमेकांना धक्का लागू नये म्हणून अवघडलेले नवरा-नवरी पाहिले. आईच्या मांडीत न मावणारी बाळं पाहिली. आणि प्रत्येकाला माझा मालक एकच मंत्र द्यायचा, "हलू नका!" दिवसातून इतक्या वेळा, की गल्लीने त्याचं नावच 'हलूनका' ठेवलं. समोरचा शिंपी दारातूनच ओरडायचा, "काय हो हलूनका, चहा टाकलाय, जरा हलता का?"

माझ्या मालकाची एक खोड होती. समोरच्याची कॉलर वाकडी दिसली की त्याच्या हाताला चैन पडत नसे. बटणावरचं बोट काढून तो जायचा, कॉलर सरळ करायचा, दोन पावलं मागे येऊन बघायचा, पुन्हा जायचा. शिंपी म्हणायचा, "मी शिवलेली कॉलर सरळच असते. वाकडी आहे ती तुमची मान!"

गल्लीतल्या भिंतीभिंतीवर त्याने काढलेले फोटो होते. त्याचा स्वतःचा मात्र एकही नव्हता. कपाटात पडल्या पडल्या मी यावर पुष्कळ विचार केला आहे. मला वाटतं, देवाचंही असंच असणार. चित्र त्याने मांडलं, उजेड त्याने पाडला, माणसं त्याने बसवली, आणि शोधायला जावं तर चित्रात तेवढा तोच नाही! म्हणून तो नाही असं म्हणायचं का? अरे, मागे कुणी मायेने उभं असल्याशिवाय का चेहऱ्यांवर असा उजेड पडतो?

तर मित्रांनो, या हलूनकाला एक मुलगी होती. तिला घरात चिमणी म्हणत. तिच्या वाढदिवसाला सकाळी तिघांचा एक फोटो काढायचा, असा घरचा नेम होता. मागच्या खोलीत खिडकीखाली एक लाकडी बाक होता. एका टोकाला आई, मध्ये चिमणी, आणि खिडकीकडची तिसरी जागा रिकामी. ती मालकाची. फ्लॅश त्याला आवडत नसे. म्हणे, "खिडकीतून देव एवढा उजेड देतोय आणि आपण वर टॉर्च मारायचा?" त्यामुळे माझी पापणी जरा सावकाश मिटायची, आणि जो हलेल तो पुसट व्हायचा.

शिंपी दर वर्षी म्हणायचा, "मी दाबतो बटण, तुम्ही बसा." मालक ऐकायचा नाही. "परक्याने काढलेल्या फोटोत माणसं पाहुण्याकडे बघितल्यासारखी बघतात. आज घरातलीच माणसं हवीत." आणि त्याच्या बायकोचाही एक कायदा होता. "फोटो एकच. दुसरा मागायचा नाही. तुमचं समाधान व्हायचं नाही आणि आमची भूक थांबायची नाही."

मग काय व्हायचं, ऐका. मालक माझ्यातून बघून बायकोच्या चेहऱ्यावर नजर पक्की करायचा. माझ्या पाठीवरच्या, डोळा लावायच्या बारीक खिडकीतून उजेड आत शिरू नये म्हणून त्या खिडकीवर काळी टोपी चढवायचा. बटण दाबायचा. माझा दिवा लुकलुकू लागायचा आणि तो निघायचा. बाक चार पावलांवर. दहा सेकंदांत माणूस जाऊन बसून वर खाकरूनही घेईल! पण वाटेत चिमणी असायची, आणि चिमणीची कॉलर असायची.

"बाबा, बसा ना!"

"अगं, एवढी एक…"

'खट्!'

संध्याकाळी अंधाऱ्या खोलीतून फोटो धुऊन तो बाहेर यायचा आणि कपाळावर हात मारायचा, "हलला!" आई आणि चिमणी स्पष्ट. आणि मालक? अर्धवट वाकलेला, धुराच्या लोटासारखा, तोंडाच्या जागी नुसता उजेड. हात तेवढा दिसायचा, मुलीच्या कॉलरवर. एका वर्षी तर घाईत बटण माझ्यासमोर उभं राहून दाबलं. मी बिचारा त्याच्या पोटावरच्या बटणाकडे नजर लावून बसलो, आणि पाठीमागचं सगळं कुटुंब धुक्यात गेलं!

तो असे फोटो टाकून द्यायचा. त्याची बायको ते उचलायची आणि कपड्यांच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवायची. "नासलेला माल कशाला जपतेस?" तो चिडून विचारायचा.

"असू दे हो," ती म्हणायची. "यात तुम्ही येताय. बसलेला माणूस काय, कुठेही मिळतो."

फ्रॉकची कॉलर गेली, शाळेच्या गणवेशाची आली, तीही गेली. चिमणी शिकली. तिला दूर परदेशात नोकरी लागली. लवकर येणं होईल असं नव्हतं. ज्या दिवशी संध्याकाळी ती निघणार होती, त्या दिवशी सकाळी ती मूठ मिटून मालकासमोर उभी राहिली.

"बाबा, माझ्याजवळ सगळ्यांचे फोटो आहेत. मांजराचासुद्धा आहे. तुमचा नाही. तिकडे मला कुणी विचारलं, तुझे बाबा कसे दिसतात, तर काय दाखवू? धूर?"

तिने मूठ उघडली. आत एक काळा, एकाच बटणाचा, अंगठ्याएवढा रिमोट होता. माझ्याच पिढीचा, माझ्याच घराण्यातला! जुन्या सामानाची दुकानं पालथी घालून तिने तो शोधला होता. इतकी वर्षं मला ठाऊकच नव्हतं की मला भाऊ आहे.

"आता धावायचं नाही. बसायचं, याचं तोंड कॅमेऱ्याकडे करायचं, बटण दाबायचं. दिवा लागेल, मग दोन सेकंदांनी फोटो निघेल. तेवढ्यात हात खाली घ्यायचा."

मालकाने रिमोट उलटा-सुलटा करून पाहिला आणि बायकोकडे रोखून दाबला.

"माझ्याकडे काय रोखताय? मी काय टीव्ही आहे?"

"टीव्ही असतीस तर आवाज कमी करता आला असता."

दोघी हसल्या. तोही हसला, पण ते हसू ओठांपाशीच थांबलं.

मला स्टँडवर बसवलं. फिल्ममध्ये शेवटचा एकच फोटो उरला होता. आई बसली, चिमणी बसली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा बाकावरची तिसरी जागा भरली. मला तर स्वप्नात असल्यासारखं वाटलं. भावाच्या हाकेसाठी मी कान टवकारले. रिमोटची हाक ना दिसते, ना ऐकू येते, तरी पोचते. मनातल्या प्रार्थनेसारखी.

हाक येईना.

"दाबा की!" आई म्हणाली.

"ढग आलाय. जाऊ दे."

ढग गेला. उन्हाचा पट्टा तिघांच्या मांडीवर येऊन बसला.

"आता?"

"चिमणे, मान जरा… हां. हलू नका. हलू नका हं."

कुणीच हलत नव्हतं. ऊन तेवढं हलत होतं. मालकाचा अंगठा बटणावर होता, पण दाबत नव्हता. तेव्हा मला माझ्यात आणि माझ्या भावात काय फरक आहे ते उमगलं. टायमर लावला की क्षण आपल्या पायाने येतो, कुणाला विचारत नाही. रिमोट मात्र तो क्षण माणसाच्या हातात देतो आणि म्हणतो, तू सांगशील तेव्हा. आणि ज्याला क्षण सरू द्यायचाच नाही, त्याने काय करावं?

"अहो, झालंय तरी काय?"

"दाबलं की झालं ना गं," मालक खाली बघत म्हणाला. "फोटो झाला की जेवण, जेवण झालं की बॅग. मग झालंच की सगळं."

आईने बाकाशेजारचं पाण्याचं भांडं उगाच इकडचं तिकडे केलं.

चिमणीने त्याच्या मुठीतून हळूच रिमोट काढून घेतला आणि आपल्या खिशात टाकला. उठून ती माझ्यामागे आली. माझ्या डोळ्याला त्या दिवशी पहिल्यांदा तिचा डोळा भिडला. तो ओला होता, त्यामुळे मलाही जरा पुसट दिसलं. तिने बापाच्या चेहऱ्यावर नजर पक्की केली, काळी टोपी चढवली आणि बापाच्याच आवाजात म्हणाली, "हलू नका!"

बटण दाबलं. माझा दिवा लुकलुकू लागला.

ती निघाली. 'ये, ये, अजून वेळ आहे,' मी सांगत होतो. चार पावलं. ती बाकापाशी पोचली, वळली, बसणार, एवढ्यात थांबली. बापाची कॉलर एका बाजूने आत दुमडली होती.

"अगं, बस आधी!" आई ओरडली.

"आई, एवढी एक…"

'खट्!'

दुपारी अंधाऱ्या खोलीचं दार किती तरी वेळ बंद होतं. उघडलं तेव्हा मालकाच्या हातात ओला फोटो होता. आई तोंडावर हात धरून हसत होती. चिमणी वाकलेली, पुसट, धुराच्या लोटासारखी, हात तेवढा बापाच्या कॉलरवर. आणि तिसऱ्या जागेवर माझा मालक! भुवईवरचा तीळसुद्धा दिसावा इतका स्पष्ट. तो माझ्याकडे बघतच नव्हता. वर, तिच्याकडे बघत होता, आणि हसू या खेपेला पार डोळ्यांपर्यंत गेलं होतं.

"बाबा, मी हलले," चिमणी म्हणाली.

जन्मभर जगाला एकच मंत्र दिलेला तो माणूस. त्याने फोटोच्या कोपऱ्यावरचा थेंब बोटाने टिपला आणि म्हणाला, "हलू दे गं. हलू दे."

त्या फोटोची एक प्रत तिच्या बॅगेत गेली. दुसरी कपाटाच्या दाराला आतून लागली, सगळ्या पुसट फोटोंच्या खाली.

पुढे फोन आले, त्यांच्या पोटात कॅमेरे आले. स्टुडिओ मिटला, हंसांचा पडदा गुंडाळून माळ्यावर गेला आणि मी या फळीवर आलो. माझ्यासाठी फिल्म आता कुणी आणत नाही. पण एखाद्या दुपारी मालक मला खाली उतरवतो, फडक्याने पुसतो, सेल घालतो. टायमर लावून चार पावलं जातो आणि बायकोशेजारी बसतो. मधली जागा दोघं मोकळी ठेवतात. दिवा लुकलुकतो, आधी सावकाश, मग घाईघाईने, आणि 'खट्'. पोटात फिल्म नसते. तरी दोघं खरंच फोटो निघत असल्यासारखी हसतात. असले फोटो पुसले जात नाहीत, हे मी जन्मापासून जाणतो.

मित्रांनो, माझ्यासारखं जुनं यंत्र तुमच्या घरी असेल तर त्याला अडगळीत फेकू नका. ठेवून देताना आतले सेल काढा. ते विसरले तर गळतात आणि यंत्राला आतून खातात. अधूनमधून पुसा, एखादी 'खट्' ऐका. आणि आणखी एक मागणं आहे. तुमच्या घरातल्या फोटोंत एक माणूस कधीच सापडत नसेल. तो हरवलेला नसतो, तो कॅमेऱ्यामागे उभा असतो. एकदा त्याला हाताला धरून बसवा. दहा सेकंद तुम्ही धावा. आणि वाटेत त्याची कॉलर वाकडी दिसली, तर खुशाल थांबा.

फोटो हलला तर हलू दे.