टक् म्हणणारा खटका

मित्रांनो, मी एक जुना खटका आहे. घाबरू नका, बंदुकीचा नाही! डोंगरी सायकलच्या हँडलवर, उजव्या मुठीजवळ, अंगठ्यानं ढकलायचा असतो ना, तो गिअरचा खटका. मी 'टक्' म्हटलं की मागची साखळी एका दातेरी चकतीवरून दुसरीवर उडी मारते आणि चढ हलका होतो. एवढंच माझं काम. पण तेवढं झालं नाही, तर चालवणाऱ्याच्या तोंडाला फेस येतो.

कारखान्यात माझ्या पोटात एक स्प्रिंग आणि नखाएवढे दोन वाकडे आकडे बसवले, वर झाकण ठोकलं, आणि मी आलो एका शिंपीणबाईंच्या घरी. बाई टेकडीच्या पायथ्याला, गिऱ्हाइकं सगळी टेकडीवर. शिवलेले कपडे मागं बांधायचे आणि टक्, टक्, टक् करत वर! "गुणाचं लेकरू आहे हो माझं," असं त्या शेजारणीला माझ्याबद्दल सांगायच्या. मी तर फुगून टुम्म.

बाईंचा नवरा ट्रकचा मिस्त्री, आता घरीच. माणूस सोन्यासारखा, पण ग्रीसचा डबा हातातून सुटेल तर शपथ. बिजागरी कुरकुरली, लाव ग्रीस. कात्री अडली, लाव ग्रीस. एक दिवस त्यांनी माझं झाकण उघडून दोन बोटं भरून ट्रकचं ग्रीस आत कोंबलं. म्हणाले, "आता दहा वर्षं बघायला नको!"

आणि खरंच दहा वर्षं कुणी बघितलं नाही.

त्या ग्रीसचा डिंक झाला. माझे आकडे त्यात रुतून बसले. बाई ढकलायच्या, मी नुसता हलायचो. टक् काही निघेना. बाईंचा अंगठा सुजला. सुईही त्याच अंगठ्यानं धरायची, काय करतील बिचाऱ्या? मग घरात खटके उडायला लागले, तेही माझ्यावरून!

एका सकाळी शाळेच्या नाटकाचे बारा अंगरखे वर पोचवायचे होते. मी जड गिअरवरच अडून बसलो. बाई अर्ध्या चढावर उतरल्या, सायकल ढकलत नेली. पोचल्या तेव्हा पडदा उघडलेला, आणि राजा बनियनवर हुकूम सोडत होता.

घरी येऊन बाईंनी सायकल भिंतीला आपटली. "उद्यापासून मी बसनं जाणार. ही द्या भंगारात."



"अगं, थांब की," मिस्त्री म्हणाले, "अजून थोडं ग्रीस..."

"अहो, माझ्या शिलाई मशीनला कधी ग्रीस लावलंत?"

"तू लावू दिलंस कुठं!"

बाईंनी वळून मशीनकडं बघितलं, मग माझ्याकडं. ते मशीन माझ्याहून कितीतरी म्हातारं, पण लोण्यासारखं चालत होतं. बाईंनी खणातला बारीक पेचकस काढला आणि माझं झाकण उघडलं.

"अगं बाई! हे काय भरलंय? माश्या चिकटतील यात!"

मिस्त्री खजील. "सगळंच खोलू का?"

"हात लावाल तर खबरदार! ती स्प्रिंग उडाली तर महिनाभर पलंगाखाली रांगाल. रॉकेल आणा, दातांचा जुना ब्रश आणा."

बाई घासत होत्या, मिस्त्री मला ढकलत होते. तीन वेळा धुतलं, काळा चिखल निघाला. कोरडं पुसलं आणि मशीनच्या पातळ तेलाचे चारच थेंब सोडले.

"हं, ढकला आता."

टक्!

मित्रांनो, माझा आवाज मलाच ओळखू येईना!

दुसऱ्या दिवशी बाई सायकलवरून न उतरता थेट माथ्यावर. मिस्त्री खाली उभे राहून कानामागं हात धरून ऐकत होते.

म्हणून सांगतो, एखादी वस्तू हट्टाला पेटली तर लगेच भंगारात काढू नका. आधी झाकण उघडून बघा, आत साचलेलं पुसा. कुणाचं तरी प्रेमच जरा जास्त भरलेलं असेल.

मिस्त्रींचं विचाराल, तर त्यांनी डब्याच्या झाकणावर खिळ्यानं कोरून ठेवलंय, 'फक्त ट्रक'. काल मात्र बाईंच्या कात्रीकडं जरा जास्तच बघत होते.