भरमूचा टाक

जर्मनच्या भांड्यांचं नाव काढलं की माझं टाळकं सटकतं. अ‍ॅल्युमिनियम म्हणा, जर्मन म्हणा, बेळगावातल्या बायकांना त्याचं वेड लागलं आणि आम्हा ओताऱ्यांच्या पोटावर पाय आला. त्याला ना वजन, ना कल्हईचा खर्च. दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईत सगळा माल विमानांना गेला तेव्हा जरा बरे दिवस आले होते. लढाई संपली आणि बाजारात पुन्हा तोच चकचकाट सुरू झाला.

माझ्याकडे मग टाकांचंच काम उरलं. घरातलं माणूस गेलं की त्याची चांदीची बोटाएवढी प्रतिमा करून देवघरात बसवतात, तो टाक. त्या भाद्रपदात कणकुंबीकडचा नागोजी बायकोला, नागुबाईला, घेऊन आला. त्यांचा एकुलता एक भरमू लढाईच्या शेवटच्या वर्षी डोंगरावरच्या खाणीत दरडीखाली सापडून गेला होता. अ‍ॅल्युमिनियम ज्यातून निघतं तो दगड तिथे एक कंपनी काढत होती. पोराला अग्नी दिला तेव्हा साहेब नागोजीला म्हणाला होता, या दगडातून विमानं होतील, विजेच्या तारा होतील, तुझा मुलगा देशाच्या कामी आला. नागोजीने तेवढंच उराशी धरून ठेवलं होतं.

"चांदी आणलीसा?" मी विचारलं.

नागुबाईने पदराखालून जर्मनचं कोरं पातेलं काढलं. "ह्याचाच करा, आप्पा. माझ्या भरमूनं काढलेल्या दगडाचं हाय."

देवघरात जर्मन! माझा तोल सुटला. पातेलं उपडं करून मी तळाचा शिक्का दाखवला. "ह्यो माल सायबाच्या देशातला हाय, नागुबाई. भरमूचा दगड खानापूर ठेसनात ढीग लागून पडलाय. गवत उगवलंय त्यावर. लढाई सपली, कंपनी गेली, आता कोण नेतंय त्याला?"

नागुबाईने त्या शिक्क्यावरून बोट फिरवलं. नागोजी म्हणाला, "म्हंजे कशाचंच काय झालं न्हाय?"

पातेलं तिथेच टाकून दोघं निघून गेली.

सर्वपित्रीच्या आधी ती परत आली. नागोजीने टॉवेलात बांधलेला नारळाएवढा दगड माझ्यापुढे ठेवला. "खानापुरास्नं आणलाय. ह्यातनं काढून दे."

"ते माझ्या भट्टीचं काम न्हाय रं. त्याला मोठा कारखाना लागतोय, धरणाची वीज लागती. आपल्याकडं कुठं हाय त्यातलं काय?"

"ठाव हाय मला. पर आमाला उडायचं इमान कुठं करायचंय? बोटाएवढाच पायजे की."

दगड मी धातू वितळवायच्या मुशीत ठेवला. मी भट्टी पेटवली. नागोजी स्वतः भाता ओढायला बसला, नागुबाई मुशीकडे टक लावून बघत राहिली. दगड तापला, लालभडक झाला, तडकला. दिवस कलला तरी नागोजी भाता सोडेना. अंगाचं पाणी पाणी झालं होतं. शेवटी त्याला थांबवायला मी त्याचा हात धरला.

"धातू सुटाय लागलाय का, आप्पा?" त्याने विचारलं.

त्याचा हात मी सोडला. मी भट्टीत आणखी कोळसा घातला.