बाईसाहेबांचे चार बोल्ट

"अगं, उजेड हलतोय!"

हे खुर्चीवरून ओरडले. गाडीखाली होते भावोजी, म्हणजे यांचे धाकटे भाऊ, आणि त्यांची उजेडाबद्दल काही तक्रार नव्हती. पण यांचा खांदा निखळून हात गळ्यात बांधल्याला दीड महिना झालेला, त्यामुळे सगळी ताकद जिभेत उतरली होती. मी गुडघ्यांवर बसून दिवा धरला होता. आमच्या लग्नाला एकतीस वर्षं झाली. त्यातली सव्वीस मी या शेडमध्ये दिवा धरून काढली आहेत.

गाडी दोघांपुरती, बुटकी, दुमडत्या छताची, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. हे तिला 'बाईसाहेब' म्हणतात. मला 'अगं' म्हणतात.

रविवारी जुन्या गाड्यांचा मेळावा होता आणि त्याआधी पुढच्या सस्पेन्शनचे बुश बदलायचे होते. चाकाला धरणारा जो आर्म असतो, त्याच्या सांध्यातलं रबर म्हणजे बुश. भावोजी नुसत्या जॅकवर गाडी उचलून खाली शिरायला निघाले होते. मागच्या चाकांना पाचरी लावल्या मी, सांगाड्याखाली लोखंडी स्टँड सरकवले तेही मीच. "किती ती भित्री," हे म्हणाले. भावोजी चिरडले असते, तरी दिवा हलला म्हणूनच चिरडले असते, याची मला खात्री आहे.

"हं, आता आवळ घट्ट," यांनी भावाला हुकूम सोडला.

चाकं हवेत लोंबत होती.

"अहो, आत्ता नाही," मी म्हटलं. "आत्ता बोल्ट नुसते हाताने लावून ठेवायचे. गाडी चाकांवर टेकली, तिचा भार आला, की मग शेवटचं आवळायचं. असं लोंबत असताना आवळलं तर गाडी खाली घेतल्यावर रबराला पीळ बसतो, तो कायमचा. पुस्तकात लिहिलंय."

"पुस्तकात! गाडी टेकल्यावर खाली शिरायला जागा तरी उरते का? पुस्तक लिहिणारा येणार आहे शिरायला?"

भावोजी खालून हसले. "वहिनी, तुम्ही आपला दिवा धरा."

मी मुद्रितशोधक. अठ्ठावीस वर्षं छापखान्यात लोकांच्या चुका शोधल्या आणि त्याचाच पगार घेतला. घरात मात्र तोच माझा अवगुण. गाडीचं पुस्तकही मीच वाचते, कारण यांना वाचायचा कंटाळा. सहा वर्षांपूर्वी याच शेडमध्ये हेच वाक्य मी मोठ्याने वाचून दाखवलं होतं, आणि तेव्हाही यांनी गाडी लोंबत असतानाच बोल्ट आवळले होते. चार महिन्यांत रबर फाटलं. हे गावभर सांगत सुटले की दुकानदाराने नकली माल गळ्यात मारला. तो बिचारा अजून आम्हाला पाहिलं की दुसरीकडे बघतो. मला माफीबिफी नको होती. "तुझं बरोबर होतं" एवढंच एकदा यांच्या तोंडून ऐकायचं होतं. या वेळीही रबर फाटेल, या वेळीही कुणाच्या तरी नावाने खडे फोडले जातील, आणि मी दिवा धरून बसेन, या विचाराने माझं डोकं भणभणलं.

भावोजींनी चारही बोल्ट आवळले, गाडी खाली घेतली. तिचं नाक जरा वरच राहिलं.

"नवं रबर आहे. बसेल," हे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी जेवून हे झोपले. मी शेडमध्ये गेले आणि दार लोटून घेतलं. हँडब्रेक ओढला, मागच्या चाकांना पाचरी लावल्या. गाडीचं तोंड जॅकने उचललं, पुढच्या चाकांखाली रुंद, जाड लाकडी ठोकळे सरकवले आणि गाडी त्यांवर उतरवली. आता चाकं टेकलेली होती, भार आलेला होता आणि माणूस आत शिरेल एवढी जागाही होती. इतकं सोपं होतं ते. शिवाय सांगाड्याखाली चार बोटं फट सोडून स्टँड ठेवले, गाडीला खांद्याने धक्के देऊन पाहिले. हलली नाही. मग दिवा जमिनीवर ठेवून पाठीवर खाली सरकले. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा.

पहिला बोल्ट हलेचना. दोन्ही हातांनी पाना ओढला तेव्हा कुठे सुटला, आणि पिळलेलं रबर कर्रकन आपल्या जागी फिरलं. चारही सैल केल्यावर बाहेर आले, पुढचे मडगार्ड दाबून गाडी पाच-सहा वेळा खालीवर केली. नाक बोटभर खाली उतरलं होतं. पुन्हा आत जाऊन टॉर्क रेंचने, म्हणजे ठरलेला जोर आला की 'टक' वाजणाऱ्या पान्याने, एकेक बोल्ट आवळला, 'टक' वाजेपर्यंत, त्यापुढे तसूभरही नाही. चौथा 'टक' वाजला आणि मला तिथेच रडू आलं. मग रडू आलं म्हणून स्वतःचाच राग आला.

सकाळी भावोजी फेरी मारायला आले. मी लपवाछपवी केली नाही.

"काल मी चारही बोल्ट सोडून परत आवळलेत. गाडी टेकवून."

यांचा चेहरा लाल झाला. "कुणाला विचारून? चालत्या गाडीचं चाक निखळलं तर? अरे, सगळे तपासून घे बघू आधी!"

भावोजी रेंच घेऊन खाली शिरले. आम्ही दोघं वाट बघत उभे. चार वेळा 'टक' झालं. भावोजी बाहेर आले, माझ्याकडे बघितलं, मग यांच्याकडे.

"दादा, नीट आहेत. एकही फिरला नाही."

"फिरेल कसा? तू आवळलेले होते," हे म्हणाले.

भावोजींनी तोंड उघडलं. मी थांबले. खरंच थांबले. त्यांनी रेंच पुसून डब्यात ठेवला आणि किल्ली मागितली.

दोघं फेरी मारून आले. हे एका हाताने दार लोटत उतरले ते हसतच. "लोण्यासारखी चालली! आणि नाक बघ, बसलं की नाही? म्हटलं होतं मी, नवं रबर आहे, बसेल." शेजारचे मास्तर फाटकाशी आले होते, त्यांनाही ऐकवून झालं, "माझ्या भावाचा हात आहे हा, मास्तर. गॅरेजवाले झक मारतील."

मास्तरांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, मान डोलावली. मग त्यांचं लक्ष माझ्या हातांकडे गेलं. कालपासून तीनदा साबण लावला होता, पण नखांतलं निघालं नव्हतं.

"वहिनी, हाताला हे काय लागलंय?"

"भांडी घासत असेल," हे म्हणाले.

"ग्रीस आहे," मी म्हणाले.

"अच्छा," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी भावोजींना विचारलं, बोल्ट नेमके किती आवळायचे असतात.