बुजवलेली भिंत

"मावशी मोजून दाखवेल," ताईने लेकीला बजावलं. "मग नाटकं बंद आणि आपल्या खोलीत झोपायचं."

बुटकीचं, म्हणजे माझ्या भाचीचं म्हणणं होतं, खाटेजवळ कोणीतरी बसतं.

माझा धंदाच मोजण्याचा. लेझर खोलीभर फिरवून लाखो ठिपके गोळा करायचे आणि कॉम्प्युटरवर त्यांची आकृती बांधायची. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही, ठिपक्यांवर आहे. सगळ्यांना बाहेर काढून, दार लावून यंत्र फिरवलं आणि पडद्यावर बुटकीला दाखवलं: खाट, कपाट, भिंती. संपलं.

"इथेच भिंत गुळगुळीत का?" तिने बोट ठेवलं.

ठिपके मिळाले नाहीत तिथे आमचा प्रोग्राम आपणहून ठिगळ लावतो. ती सवय त्याला मीच लावलीय. ठिगळ काढलं. पडद्यावरच्या भिंतीत भोक होतं, बसलेल्या माणसाच्या आकाराचं. मध्ये काही आलं की मागे असं भोक पडतंच, पण मग जे मध्ये आलं त्याचेही ठिपके मिळतात. इथे भोकापुढे काहीच नव्हतं.

यंत्र दुसऱ्या कोपऱ्यातून फिरवलं. दोन बाजूंची भोकं मिळाली की मध्ये काय होतं त्याचा आकार काढता येतो. काढला. बुटकीसारख्याच दोन वेण्या, उंचीही तेवढीच.

"ताई, हिला तिथे झोपवू नकोस."

"तूसुद्धा? एवढं शिकलीस, सगळं पालथ्या घड्यावर पाणी." पण माझा चेहरा बघून तिने बुटकीला उचलून स्वतःच्या पलंगावर नेऊन बसवलं.

मी ती खोली पुन्हा मोजली. भिंत अख्खी होती. जीव भांड्यात पडला.

"ती तिथे नाहीये आता," बुटकी पलंगावरून म्हणाली. "माझ्याजवळ बसलीय."

बुटकी पलंगावर दाराच्या बाजूला होती. खिडकीची बाजू रिकामी. मी यंत्र समोर ठेवलं, तिला हलू नकोस म्हटलं आणि ताईला घेऊन बाहेर थांबले.

भिंतीत दोन भोकं पडली. एकापुढे पोरीचे ठिपके होते, गाल, गुडघे, वेण्या, सगळे जागच्या जागी. दुसऱ्यापुढे काहीच नाही.

ठिपके खिडकीच्या बाजूला होते.

ताई दाराच्या बाजूला बसून लेकीच्या वेण्या सोडत होती. भाचीला ओढून कुशीत घ्यावं असं फार वाटलं, पण हात कुठल्या बाजूला करू, तेच कळेना.