त्या वळणापर्यंत

सुखदेवची पोलिसातली निम्मी नोकरी ढकलून सुरू होणाऱ्या जीपवर गेली होती. त्यामुळे नवी कोरी गाडी हाती आली तेव्हा तो तिला लेकीसारखं जपू लागला. एकदा तिचा जोर बघायचा होता, पण चोर कुणी पळेना.

एका रविवारी सकाळी ते जमलं. कर्वेनगरच्या रस्त्यावर दोन पोरांनी मोटारसायकलींची शर्यत लावली होती. गाड्या कॉल सेंटरच्या पगारातल्या, आवाज रणगाड्याचा. पोलीस बघताच एक गल्लीत सटकला. दुसऱ्याच्या मागे सुखदेवने गाडी घातली.

शेजारी फौजदार नम्रता मॅडम होत्या. दुधाच्या रांगेतली माणसं पांगली, एक कुत्रं थोडक्यात वाचलं, फिरायला निघालेल्या एका आजोबांची कानटोपी उडाली.

"सुखदेव, सोडा. नंबर मिळालाय."

"सापडतोच, मॅडम. त्या वळणापर्यंत फक्त."

"सोडा म्हटलं ना!"

वळण आलं, गेलं. त्याच्याही पुढे बरंच गेल्यावर सुखदेवने पाय उचलला. पोरगं वारज्याकडे दिसेनासं झालं होतं.

परतताना आजोबा रस्त्यात आडवे उभे होते.

"छान चालवता," ते म्हणाले. "त्याच्यापेक्षा तुमचीच जास्त भीती वाटली. शंभूला शोधताय ना? आमच्याच सोसायटीत राहतो, पहिला मजला. त्याच्या शर्यतींबद्दल चौकीत तीन अर्ज दिलेत. वाचले असते, तर एवढं पळावं लागलं नसतं."

शंभूच्या आईने, श्यामलाबाईंनी, दार उघडलं. दारात पोलीस बघून त्यांचा चेहरा उतरला. "येईल हो इतक्यात," त्या म्हणाल्या. "इडलीला तो कधी उशीर करत नाही."

तेवढ्यात फोन वाजला. "हो, मी आई," एवढंच त्या बोलल्या आणि रिसीव्हर धरून उभ्या राहिल्या. मॅडमनी तो हातातून घेतला. शंभू बायपासवर उभ्या ट्रकवर मागून आदळला होता.

सुखदेवने बाईंना गाडीत बसवलं. निघताना त्या म्हणाल्या, "हळू चालवा हो." तो इतका हळू निघाला की मागचे रिक्षावाले शिव्या देत पुढे गेले.

शंभू वाचला. उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. तो बोलू लागल्यावर सुखदेव मंडईतून मोसंबी घेऊन भेटायला गेला.

"ट्रक दिसला नाही?"

"आरशात बघत होतो. तुम्ही मागे होता ना."

"आम्ही तर वारज्याच्या अलीकडेच थांबलो होतो."

"मग सांगायचं ना, काका," शंभू म्हणाला.

सुखदेव मोसंबं सोलत राहिला. सोललेलं कुणीच खाल्लं नाही.

चौकशीत साहेबांनी विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "मॅडमनी थांबायला सांगितलं होतं. मी थांबलो नाही." त्याची गाडी काढून घेतली, मोटार विभागात टायर तपासायला बसवलं. आपण थांबलो नाही, हे त्याने श्यामलाबाईंनाही जाऊन सांगितलं. तेव्हापासून त्या त्याच्याशी बोलत नव्हत्या.

शंभूला कृत्रिम पाय बसवला, त्या दिवशी सुखदेव रजा टाकून गेला. दोघं दवाखान्याच्या व्हरांड्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले. शंभू घामाघूम झाला, दोनदा सुखदेवच्या खांद्यावर रेलला, एकदा शिवी हासडली. मग तो भिंतीला टेकून दम खात राहिला आणि सुखदेव कुठे बसावं ते बघू लागला.

श्यामलाबाई बाकावर होत्या. शेजारची पिशवी उचलून त्यांनी मांडीवर घेतली.