सिमेंटचं छप्पर

जिवंत ज्वालामुखीवर हौसेनं चढायचं खूळ सपनाच्या डोक्यात पुण्याच्या नोकरीत शिरलं. इथं गावी, कुरुंद्यात भूकंपानं जमीन फुकटात हलते, तरी पोरीला त्यासाठी इंडोनेशिया गाठायचा होता! तिच्या आईचा, शिलाबाईंचा जीव ती निघाल्यापासून टांगणीला लागला होता.

सकाळी शिलाबाई अंगणात शिजवलेली हळद वाळत घालत होत्या, तेव्हा फोन वाजला. पडद्यावर हेल्मेट घातलेली सपना, मागं धूर. शिखराच्या अलीकडं सिमेंटच्या एका बुटक्या छपराखाली तिचा गट बसला होता.

"झालं ना बघून? उतर आता खाली," शिलाबाई म्हणाल्या.

"आई, उंटावरून शेळ्या हाकू नको. वाटाड्या हाय संगं, कायम येतो तो इथं."

तेवढ्यात फोनमधून गुडगुड ऐकू आली. कुरुंद्यात जमिनीतून असा आवाज झाला की घर अंगावर पडेल या भीतीनं तव्यावरची भाकरी तशीच टाकून माणसं उघड्यावर पळतात. सपनाला तर त्यांनीच कितीदा काखोटीला मारून बाहेर आणलं होतं.

"बाहेर पळ, सपे! छपराखाली थांबू नको!" त्या जिवाच्या आकांतानं ओरडल्या.

पोरगी उठली. वाटाड्या हात पसरून आडवा आला. ती त्याच्या हाताखालून निसटली आणि फोन बंद पडला.

ओरडणं ऐकून शेजारचा चाँद पाशा धावत आला. शिलाबाईंनी कसंबसं सगळं सांगितलं, तसा त्याचा चेहरा उतरला.

"भाभी, तिथं डोंगर वरून धोंडे फेकतो. ते छप्पर त्याच्यासाठीच आसंल."

आपण आपल्याच लेकराला धोंड्यांखाली धाडलं! शिलाबाई फोन लावत राहिल्या, तो लागेना. चाँद पाशानं पाणी आणलं, ते त्यांनी बाजूला सारलं. अंगणात हळद तशीच ढिगानं पडून राहिली.

ऊन चढल्यावर फोन आला. सपना राखेनं माखलेली होती, पण धडधाकट होती. शेजारी वाटाड्या, हात गळ्यात बांधलेला.

"मी बरी हाय, आई. ह्यो माझ्यामागं बाहेर आला. मला आत ढकललं अन् धोंडा ह्याच्या खांद्यावर बसला."

"तू काहून पळालीस, इचारलं का त्यानं?"

"व्हय. मी म्हणलं, घाबरले."

"खोटं काहून बोललीस? माझं नाव सांग त्याला. आईनं पळ म्हणलं म्हून पळाले, आसं सांग."

सपनानं इंग्रजीत सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. आता हा शिव्या देणार, असं शिलाबाईंना वाटलं, आणि त्यासाठी त्यांची तयारी होती. तो हळूच काहीतरी बोलला.

"काय म्हणून राहिला?"

"इचारून राहिला, तुमच्याकडं घरं पडतात का म्हून."

"व्हय," शिलाबाई म्हणाल्या, आणि मग त्यांना रडू आवरेना.