काठीवरची झावळी

"अगं बाई लुआ, नाव विकायला काढलीत आणि मला चकार शब्दानं सांगितलं नाहीस?"

मुओई वल्हं मारायची थांबली. तिच्या होडीत मधोमध शेगडी, शेगडीवर तांदळाच्या शेवयांचं कढण रटरटत होतं, आणि पुढच्या टोकाला लुआ मांडीवर गाठोडं घेऊन बसली होती. गाठोड्यात मुलीनं दिलेला लाल चिकटभात होता. काल नातू महिन्याचा झाला, त्याचं बारसंजेवण आटोपून ती शहरातून परत येत होती. मुओईचं बोलणं ऐकून तिनं मान वर केली आणि समोर बघून मांडीवरचं गाठोडं घट्ट धरलं.

नदीच्या वळणावर, बाजाराच्या अगदी टोकाला त्यांची नाव नांगरलेली होती. नावेच्या पुढच्या टोकाला, नाकाडावर, बांबूची उंच काठी, काठीला नेहमीसारखी रताळी बांधलेली. आणि रताळ्यांच्या वर, सगळ्या नदीला दिसेल अशी, हिरवीगार नारळाची झावळी.

पाण्यावरच्या या बाजारात पाटी लावायची रीत नाही. ज्याच्याकडे जो माल, तो त्यानं काठीला टांगायचा. अननस टांगला की अननस, भोपळा टांगला की भोपळा. दोरीवर वाळणारी लुंगी विकायची नसते, हे कुणाला सांगावं लागत नाही. पण काठीला झावळी चढली, तर गिऱ्हाईक झावळीचा भाव विचारत नाही. पायाखालची नावच विकायला आहे, असा तिचा अर्थ. ज्या नावेत लुआ नवरी म्हणून आली, जिच्या फळ्यांवर तिची पोरं रांगली, ती नाव आज रताळ्यांसारखी विकायला निघाली होती.

"मला काय ठाऊक असणार!" लुआ म्हणाली. "मला तरी कुणी सांगितलंय?"

"म्हणजे किएमदादांनी परस्पर..." मुओईनं जीभ चावली आणि जोरजोरात वल्हं मारू लागली.

लुआच्या मनात शंकेची पाल केव्हाच चुकचुकली होती, आता ती ओरडायला लागली. गेले काही दिवस तिच्या नवऱ्याचं, किएमचं, काहीतरी बिनसलंच होतं. मुलीच्या घराजवळ खोलीचं भाडं किती, असं त्यानं उगाचच विचारलं होतं. डिझेल विकणाऱ्या तराफ्यापाशी तो त्या थोयशी कुजबुजताना तिनं पाहिला होता. थोय म्हणजे कोण? जुन्या नावा विकत घ्यायच्या, ओढून काठावर न्यायच्या, त्यात खुर्च्या-टेबलं मांडायची आणि पर्यटकांना मासे खाऊ घालायचे, हा त्याचा धंदा. आणि काल तर कमालच झाली. ज्या माणसानं बायकोला कधी एक रात्र बाहेर राहू दिलं नाही, तोच म्हणाला होता, "राहा की आजची रात्र. नातू काय रोज रोज महिन्याचा होतो?" तेव्हा तिला केवढं कौतुक वाटलं होतं! आता त्या कौतुकाचीच तिला चीड आली. तिला घालवायला हवं होतं, म्हणून राहा म्हणाला!

होडी टेकायच्या आत ती नावेवर चढली. किएम छपराच्या सावलीत रताळी निवडत बसला होता.

"काय झालं, पोराचं नाव काय ठेवलं?" त्यानं विचारलं.

"नावाचं राहू द्या. नावेचं बोला. केवढ्याला काढलीत?"

"काय?"

"वर बघा! का वर बघायचीही लाज वाटते?"

किएमनं वर पाहिलं नाही. हातातलं रताळं पुसत तो म्हणाला, "मी नाही लावली ती."

"मग काय माडच उडत आला?"

"अगं, पर्यटनवाल्यांची पोरं आली होती काल संध्याकाळी. राजधानीतून कोणी मोठा साहेब यायचाय बाजार बघायला. सजावट करतोय म्हणाली. खोटं वाटत असेल तर विचार कुणालाही."

लुआ मटकन खाली बसली. हसावं की रडावं तिला कळेना. सजावट! पोरांनी नारळाचं पान हिरवं दिसतं म्हणून टांगलं, आणि आपण बिचाऱ्याला काय काय मनात बोललो. ती उठून काठीकडे गेली आणि दोरीची गाठ सोडायला लागली.

"राहू दे," किएम चटकन म्हणाला. "आत्ता नको काढू."

"का?"

"आज पर्यटन कचेरीत बैठक आहे ना? आधी जाऊन सांग त्यांना, काय करून ठेवलंय ते. मग काढू. नाहीतर म्हणतील, आम्ही लावलीच नव्हती."

बोलणं पटण्यासारखं होतं. सरकारी माणसांचा लुआला तसाही भरवसा नव्हता. दुधानं तोंड पोळलेलं होतं तिचं. मागे काठाला सिमेंटचा बांध घातला, तेव्हा म्हणाले होते, तुमच्याच भल्यासाठी. बांध झाला, त्यावर पर्यटकांना फिरायला फरशा आल्या, दिवे आले. पण काठावरच्या वखारी उठल्या, हमाल गेले, ट्रक दुसऱ्या रस्त्यानं जायला लागले. घाऊक गिऱ्हाईक तुटलं. नावा निम्म्यानं कमी झाल्या. मग तेच लोक काळजी करत आले, की अहो, नावा कमी झाल्या, आता पर्यटक काय बघणार?

कचेरीच्या दालनात पंखे फिरत होते आणि टेबलावर बर्फातली कॉफी होती. पर्यटन धंद्याला सरकारनं कशात मदत करावी, कशाला आधी पैसा द्यावा आणि कशाला नंतर, हे ठरवायची बैठक होती. साहेब आला की त्याच्यासमोर मांडायचं. पुढच्या रांगेत सहलींच्या कंपन्यांचे लोक, मागे नाववाले. लुआ आणि मुओई अगदी मागे, दाराशी बसल्या.

इस्त्रीच्या सदऱ्यातला एक गृहस्थ बोलत होता. पहिल्यांदा मोठ्या बोटींसाठी धक्का हवा. मग स्वच्छतागृहं. मग फोटो काढायला उंच मचाण. जुन्या नावा घेऊन उपाहारगृहं काढणाऱ्यांना अर्धा खर्च सरकारनं द्यावा. आणि माल संपला तरी जे नाववाले ऊन चढेपर्यंत बाजारात उभे राहतील, पर्यटकांना हसून हात करतील, त्यांना दरमहा मानधन.

"म्हणजे माल नसला तरी चालेल?" मुओईनं कुजबुजत विचारलं.

"आपणच माल झालो ना आता," लुआ म्हणाली.

नाववाल्यांतला एक अननसवाला उठला. "साहेब, मागच्या बाजूनं ट्रक येईल एवढा रस्ता द्या. व्यापारी आला तर बाजार राहील. बाजार राहिला तर तुमचे पाहुणे बघतील."

"तो विषय रस्ते खात्याचा," गृहस्थ म्हणाला. "आपण आज पर्यटनाबद्दल बोलतोय."

लुआच्यानं राहवेना. ती उभी राहिली. "आणि माझी नाव विकायला कुणी काढली, तो विषय कुठल्या खात्याचा?"

सगळ्यांनी वळून पाहिलं. तिनं झावळीचं सांगितलं, तसे मागचे नाववाले खो खो हसले; पुढचे मात्र, हे का हसतात ते न कळून, नुसते बघत राहिले. टेबलाच्या कडेला बसलेली कचेरीतली क्वेन मात्र लालबुंद झाली. ती लगबगीनं मागे आली आणि लुआचा हात धरून तिला व्हरांड्यात घेऊन गेली.

"मावशी, चूक झाली. पाया पडते तुमच्या. सजावट शहरातल्या मंडपवाल्यांना दिली होती, त्यांना काय कळतंय?"

"त्यांना नसेल कळत. पण तुला? तुझी आजी याच नदीत कलिंगडं विकायची. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतेस? तुम्हाला त्या थोयला नावा मिळवून द्यायच्यात, सरळ सांग की!"

क्वेनच्या डोळ्यांत पाणी आलं. "आजीची शपथ, मावशी. मला कळल्याबरोबर मी होडी घेऊन धावले. तोवर नाववाल्यांनीच पोरांना पळवून लावलं होतं. कुणी शिव्या दिल्या, कुणी बांबू उगारला. त्या कोबीवाल्या आजीनं तर भांड्याचं खरकटं पाणी फेकलं अंगावर. एकाही काठीवर टिकू दिली नाही झावळी."

"मग माझ्या काठीवर कशी टिकली?"

क्वेन चाचरत म्हणाली, "मला वाटलं तुम्हाला ठाऊक असेल. मी काकांना म्हटलं, चुकून लागलीय, उतरवते. ते म्हणाले, राहू दे, पोरी. त्यांनी पोरांना चहासुद्धा दिला."

आत गृहस्थाचं बोलणं पुन्हा सुरू झालं होतं. लुआनं चपला पायांत सरकवल्या आणि मुओईची वाट न बघता ती धक्क्याकडे चालू लागली.

परत येताना तिनं दुसरीच होडी धरली. मघाशी तिला राग आला होता, तो सोसवला होता. हे सोसवेना. किएमनं झावळी लावली नव्हती, तो खोटं बोलला नव्हता. तो फक्त बाकीचं बोलला नव्हता. संसारात त्यानं तिच्यापासून काही लपवलं नव्हतं असं नाही. दारू लपवली होती, एकदा जुगारात घालवलेले पैसे लपवले होते. पण ते तिनं वासावरून, चेहऱ्यावरून ओळखलं होतं. हे तिला ओळखता आलं नव्हतं, याचं तिला जास्त लागलं.

किएम होता तिथेच होता. रताळी निवडून झाली होती आणि तो निवडलेलीच पुन्हा निवडत होता. लुआ त्याच्यासमोर बसली.

"चहा दिलात पोरांना."

त्यानं मान हलवली.

"का?"

"बघायचं होतं, कुणी विचारायला येतंय का."

"मला विचारायचंत! मी मेले होते?"

"तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणालेच असते! मग भांडायचं होतंत माझ्याशी. माणसानं भांडावं, बायकोच्या माघारी झावळीआड लपू नये!" तिचा आवाज चिरकला. "खरं सांगा. थोयनं काय आमिष दाखवलं?"

"थोयचं काही नाही गं." किएमनं रताळं खाली ठेवलं. "मागे तू तांदूळ आणायला गेली होतीस ना, मुओईबरोबर. त्या दिवशी मी पाण्यात पडलो."

"पाण्यात पडलात? मग? पोहता येतं की तुम्हाला."

"नाकाडावर दोर बांधत होतो. गुडघा दुमडला आणि गेलो खाली. नांगराचा दोर हाताला लागला म्हणून वाचलो. पण वर येता येईना. हातांत जोरच नाही. पाय फळीला लावतोय, घसरतोय. जन्मभर ज्या नावेवर चढलो, तिच्यावर चढता येईना मला. तेवढ्यात पर्यटकांची बोट आली. मी हात केला. त्यांनीही हात केले."

"हात केले?" लुआनं विचारलं.

"मी पुन्हा हात केला, ओरडलो. इंजिनाच्या आवाजात काय ऐकू जाणार? त्यांना वाटलं, म्हातारा आंघोळ करतोय. एका बाईनं पोराला वर उचलून दाखवलं मला. सगळे हसत होते, फोटो काढत होते. चांगली माणसं होती गं. मग बोट गेली. तिच्या लाटेनं मी फळीपर्यंत उचललो गेलो, तसा कसाबसा आलो वर."

"आणि मला सांगितलं नाहीत."

"काय सांगू? तू मग मला नाकाडावर जाऊ दिलं नसतंस. नावेवर राहून नाकाडावर जायचं नाही, तर मी करायचं काय? रताळी पुसत बसायचं?"

लुआला त्याला धरून गदागदा हलवावंसं वाटलं. इतके दिवस ती त्याच्यावर डोळा ठेवून होती; तो कुणाशी बोलतो, काय विचारतो, कुठे बघतो. त्याचा गुडघा तेवढा तिनं बघितला नव्हता. तिला रडू फुटलं आणि ते लपवावंसंही वाटलं नाही.

"जमिनीवर झोप लागेल का गं आपल्याला?" किएमनं विचारलं.

"नाही लागली तर जागे राहू. त्यात काय मोठं?" तिनं गळ्यातल्या चौकड्यांच्या पंच्यानं नाक पुसलं. गाठोडं सोडून लाल भाताचा गोळा त्याच्या हातावर ठेवला. "खा. नातवाचा आहे."

इंजिनाची घरघर जवळ आली. लुआला वाटलं पर्यटक आले. पण ती थोयची बोट होती. तो उभ्यानं काठीकडे बघत होता आणि सवयीनं अंदाज घेत नावेच्या फळ्यांवर नजर फिरवत होता.

"किएमदादा!" त्यानं हाळी दिली. "बोलायचं का?"

किएमनं लुआकडे पाहिलं. लुआनं त्याच्या गुडघ्याकडे पाहिलं.

"या," ती म्हणाली. "चहा घ्या. पण भाव माझ्याशी बोलायचा. आणि नाव स्वस्तात मिळेल असं मनात घेऊन आला असाल, तर आल्या पावली परत फिरा."

थोय हसला आणि त्यानं बोट आडवी घेऊन दोर उचलला. हातातला भात बाजूला ठेवून किएम नेहमीसारखा उठायला लागला.

"तुम्ही बसा," लुआ म्हणाली. "भात खा."

ती नाकाडावर गेली, एक पाय कडेला रोवला आणि दोर झेलायला दोन्ही हात पुढे केले.